गाऊन दाखवण्याचा नियम आणि रद्द केलेले पाचवे कलम

मी, खाली सही करणारा, वय एकोणपन्नास, धंदा पेटी वाजवणे व नव्या माणसांना संगीत नाटक लिहायला शिकवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. सोमवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डोके ठिकाणावर आहे. पत्नीचे मत वेगळे असले तरी कायद्यात ते धरले जात नाही. कोणाचेही दडपण नाही. आयुष्याची दोरी देवाच्या हाती आहे, पण कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत, म्हणून हा खटाटोप.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नीची. वीस वर्षे तिने भिंतीपलीकडून बेसूर गाणी ऐकली, त्या मानाने हे काहीच नाही.

२. धाकट्या भावाला माझे घड्याळ. तो तालमीला एकदाही वेळेवर आला नाही. आता सबब उरणार नाही.

३. जिन्यावरची खोली शनिवारच्या मंडळींकडे राहील. तिथे नव्या लेखकांचे वाचन होते, ते चालू ठेवावे. भावाने तिथे आपल्या दुकानाचे प्लायवूड रचू नये. खिडकीजवळची डुगडुगती खुर्ची दुरुस्त करू नये. माझे बोलणे लांबले की तीच कुरकुरून मला थांबवत असे. पुढे जो शिकवेल, त्याने तिच्यावरच बसावे.

४. खोलीचा एक नियम आहे: आपले गाणे आधी आपणच गाऊन दाखवायचे, आवाज कसाही असो. चांगल्या गळ्यामागे कच्चे शब्द लपतात. गावच्या शाळेत गुरुजींनी मला फळ्यापुढे उभे करून माझीच कविता म्हणायला लावली होती. तिसऱ्या ओळीला माझे मलाच कळले की ही ओळ खोटी आहे. तो धडा मी जन्मभर पुढे दिला. यापुढे मात्र ज्याला गाता येत नाही त्याने नुसते वाचावे, आणि का ते त्याला कोणी विचारू नये.

५. कारण असे. चार वर्षांपूर्वी कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई अख्खे नाटक लिहून घेऊन आल्या. गायची पाळी आली तेव्हा म्हणाल्या, "सर, मी नुसतं वाचते." मी म्हणालो, "नियम म्हणजे नियम. लाज वाटते त्यांनी आपलं शिवणच शिवावं." मंडळी हसली. "बरं, सर," म्हणून बाई वही खुर्चीवर ठेवून निघून गेल्या. पुढे शेजारच्या चावीवाल्यांकडून कळले, घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज वर चढतच नव्हता. वही मी वाचली. त्यात एक बाई गेलेल्या नवऱ्याच्या सदऱ्याची बटणे काढून ठेवते, दर बटणाला गाण्याची एक ओळ. असे गाणे माझ्या हातून कधी उतरले नाही. तरी वही परत करायला गेलो नाही. लाज वाटली. म्हणजे शिवण मीच शिवायला हवे होते.

माझ्या पश्चात वही व पेटी बाईंना द्यावी, मंडळींसमोर माझी माफी वाचावी आणि त्यांचे नाटक वाचावे.

इथवर लिहून पत्नीला दाखवले. ती म्हणाली, "अहो, मेल्यावर माफी मागणार? वा! म्हणजे ती चार शब्द बोलली तर ऐकायला तुम्ही नकोच. चपला घाला."

घातल्या आणि वही घेऊन कोपऱ्यावर गेलो. बाईंनी मशीन थांबवले नाही. घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "चार वर्षं ठेवून घेतलीत?"

"हो. चुकलो."

"वाचलीत?"

"नऊदा."

"मग बटणांच्या गाण्याला चाल लावलीच असेल."

लावली होती. तसे कबूल केले. म्हणालो, "पेटी तुमच्या नावे केलीय."

"मला काय करायचीय पेटी? तुम्हीच वाजवा. शनिवारी मी वाचते, तुम्ही गा. आणि लाजायचं नाही, सर."

काल पहिला अंक वाचून झाला. मी बेसूर गायलो. या वेळी कोणी हसले नाही.

सबब कलम ५ रद्द. पेटी खोलीतच राहील. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील सांगतात. बाईंना आता माझ्याकडून काहीच मिळत नाही, म्हणून दुसरी सही त्यांची घेतली.

ठिकाण: जिन्यावरची खोली
दिनांक: रविवार, ऑपरेशनच्या आदला दिवस
लिहून देणार: (सही)

साक्षीदार १: शेजारचे चावीवाले (सही)
साक्षीदार २: कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई (सही)

सहीखाली बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे, ते तसेच राहू द्यावे: "दुसरा अंक सर परत आल्याशिवाय वाचणार नाही."