प्रवाळाने दिलेली साक्ष

ती. आईस, इथूनच वाकून नमस्कार.

आई, जिंकले गं! प्रवाळावर दरवर्षी नवा थर चढतो आणि त्यातल्या बोरॉनवरून त्या वर्षीच्या समुद्राची आम्लता कळते. मी दीडशे थर तपासले. अलीकडच्या चाळिसांत आम्लता भराभर वाढलेली दिसली. सर म्हणाले, "मशीन चुकलंय." मी सगळं पुन्हा केलं, तिसऱ्यांदाही केलं. काल दुसऱ्या प्रयोगशाळेतूनही तेच आकडे आले. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक माझी होती." मी खुर्ची घट्ट धरून बसले, नाहीतर नाचलेच असते.

समुद्रासाठी बातमी वाईटच आहे, पण आता तिला कुणी खोटं म्हणणार नाही.

जेवण वेळेवर होतं, बहुतेक. बाबांचा खोकला गेला का? खरं सांग. त्यांना म्हणावं, पोरीचा हट्ट या वेळी कामाला आला.

तुझीच,
धाकटी