रोज सकाळी विसरणारा लॅपटॉप

चि. खारूताईस,

मामाचे भरघोस आशीर्वाद. आम्ही दोघं धडधाकट आहोत. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, पण त्याचा स्वभावच तसा. तुझी सर्दी गेली का? तुमच्या कंपनीत खिडक्या उघडतच नाहीत म्हणे, मग सर्दीने तरी जायचं कुठून?

पत्रास कारण तुझा कॉलेजातला लॅपटॉप. चौदा वर्षांचं धूड आहे ते, फेकून द्या, मी नवा पाठवते, असं तू फोनवर म्हणालीस आणि मी 'बरं' म्हटलं. (मी 'बरं' म्हणतो तेव्हा ऐकलेलं नसतं, हे तुझ्या मामीला लग्नानंतर आठवड्यातच कळलं होतं.) पण तिची गरज तातडीची होती. सोडून दिलेली पदवी ती चौतीस वर्षांनी बाहेरून पूर्ण करते आहे, हे तुला ठाऊक आहेच. या वर्षीचा शेवटचा अडथळा म्हणजे 'घरकामाचं आर्थिक मोल' या विषयावरचा सहा पानी प्रकल्प. गुरुवारी तो टाइप करून द्यायचा, आणि शुक्रवारी दोन परीक्षकांसमोर कागद न बघता त्यावर बोलायचं. या बोलण्याची तिने इतकी धास्ती घेतली होती की चहात साखरेऐवजी मीठ पडायला लागलं. मला नाही जमणार, नाव काढून घेते, हे दिवसातून चारदा. चौतीस वर्षांपूर्वीही ती असंच म्हणाली होती आणि तेव्हाही मी 'बरं' म्हटलं होतं. ते मला अजून खातं.

तर लॅपटॉप. बटण दाबून तो जागा होईपर्यंत माझी अंघोळ, पेपर आणि एक डुलकी व्हायची. दुरुस्तीवाल्याने तो हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतल्यासारखा चेहरा केला आणि परत दिला. शेवटी वाचनालयातले कारकून देवासारखे धावून आले. त्यांच्याकडे असली तीन म्हातारी यंत्रं लिनक्सवर चालतात. (लिनक्स म्हणजे जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून लिहिलेली आणि कुणीही फुकट वापरावी अशी प्रणाली. तू हसू नकोस, मला हे गेल्याच आठवड्यात कळलंय.) त्यातला थकल्या यंत्रांना झेपणारा हलका प्रकार त्यांनी पेनड्राइव्हवर घालून दिला, सोबत सूचनांचे दोन छापील कागद. सोमवारी सकाळी मी पेनड्राइव्ह खुपसला, आणि काय सांगू! दोन मिनिटांत पडद्यावर निळं आकाश, खाली मराठी अक्षरं! मी स्वतःलाच शाबासकी दिली, दुसरं कोणी देईना म्हणून. तुझ्या मामीने वहीत बघून संध्याकाळपर्यंत सहा पानं टाइप केली आणि मी यंत्र रीतसर बंद केलं.

मंगळवारी उघडलं, तर प्रकल्प गायब! निळं आकाश तेवढं शिल्लक. वय झालं की विसरायला होतंच, असं म्हणून मी तिला धीर दिला. तिने पुन्हा सगळं टाइप केलं. बुधवारी पुन्हा पाटी कोरी! मी यंत्रावर ओरडलो, त्याच्या जाळीत फुंकर मारली, पुन्हा ओरडलो. तुझ्या मामीने मात्र वही मिटली आणि ती तिसऱ्यांदा लिहायला बसली. मला इतकं वाईट वाटलं की मंगळवारपासून दोन्ही वेळचा चहा मी केला आणि भांडीही घासली. (प्रकल्पात याचा उल्लेख नाही.) बुधवारी संध्याकाळी कारकुनांना ओढून आणलं. त्यांनी लिखाण आधी बाजूला काढून ठेवलं आणि मग माझ्या देखरेखीखाली प्रणाली लॅपटॉपमध्ये कायमची बसवली. गुरुवारी प्रकल्प छापून दिला.

शुक्रवारी मी परीक्षेच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. दार अर्धवट उघडं होतं. आधी तिचा आवाज ऐकूच येईना, मग हळूहळू खणखणीत झाला. एका परीक्षकाने मध्येच टोकलं, तर म्हणाली, थांबा, तो मुद्दा पुढे येतोय. परीक्षकाला! खारूताई, मला रडू आलं, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. पास झाली ती. तेव्हा नवा लॅपटॉप पाठवू नकोस.

तुझा,
मामा

ता.क. खरं सांगतो. कारकुनांनी दिलेला दुसरा कागद मी वाचलाच नव्हता. लॅपटॉपचा एक रबरी पाय तुटलाय, तो डुगडुगू नये म्हणून कागदाची घडी करून खाली घातली होती. त्यात ठळक लिहिलं होतं की पेनड्राइव्हवरून चालवणं नुसतं बघण्यापुरतं, बंद केलं की सगळं पुसलं जातं. यंत्राची काही चूक नव्हती. तुझ्या मामीला हे माहीत नाही. तू येशील तेव्हा गंभीर चेहऱ्याने तिला सांग, जुन्या यंत्रांचं असं होतंच. एवढं कर माझ्यासाठी.

ता.क. आणखी एक. मी मामी. पाकीट टाकायला माझ्याकडे दिलं होतं, म्हणून वाचलं. तो कागद मला मंगळवारीच टेबल पुसताना सापडला. वाचला आणि होता तसा घडी करून परत ठेवला. दुसऱ्यांदा लिहिताना निम्मं न बघता आठवलं होतं. म्हटलं, अजून एकदा जाऊ दे सगळं. बोलायची भीती घालवायला मला दुसरा उपाय सुचत नव्हता. बुधवारी काम झाल्यावर मीच यांना म्हटलं, जरा लॅपटॉप उचला, टेबल पुसायचंय. तेव्हा कुठे यांना तो कागद दिसला! यांना यातलं काही बोलू नकोस, चहा अजून तेच करतायत. नवा लॅपटॉप खरंच नको. फक्त एक पेनड्राइव्ह पाठव, वाचनालयाचा परत करायचाय आणि पुढच्या वर्षी मला संख्याशास्त्र आहे.