जास्तीचं ग्रीस

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
बारक्याचा सा. न. वि. वि.

सोबत एक जड पुडकं येईल. उघडताना कपडे सांभाळ. आत खाऊ नाही, आपल्या धुलाईतल्या वाफेच्या इस्त्रीच्या ढोलाचं बेअरिंग आहे, तेही मेलेलं. वर्षभरात हे असं वरचेवर होतंय. वाफेच्या बाजूचं टोक तापतं, कुरकुरतं आणि एक दिवस ढोल अडकून बसतो. मग इस्पितळाच्या ओल्या चादरींचे ढीग साचतात आणि तिथली मेट्रन माझी खरडपट्टी काढते. पुन्हा असं झालं तर चादरी दुसऱ्या धुलाईकडे देईन म्हणाली आहे.

दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, कुठलंही न्या, सगळी चांगलीच. तू तिकडे कागदाच्या गिरणीत दिवसभर बेअरिंग्ज निवडत बसतेस, एक घरच्यासाठीही निवड. आणि नळातून फिरत्या ढोलात वाफ नेणारा तो स्विव्हल जॉइंट, त्याचंही बघ. सारखा फुसफुसतो. परवा बाबांनी त्याचा नट इतका आवळला की आतलं पॅकिंग फाटलं आणि वाफ सरळ मनगटावर आली. मोठा फोड आलाय. वर म्हणतात, मी नटाला हातच लावला नाही.

भट्टीवाल्याला मी चांगलंच फैलावर घेतलं. वाफ एकदम सोडतोस म्हणून बेअरिंग्ज जातात, असं सगळ्यांसमोर सुनावलं. तो खाली मान घालून उभा राहिला. बाबांची कामाची पद्धत तर तुला ठाऊकच आहे. सकाळी भट्टीवर वाफ धरायच्या आधी स्वतः ग्रीस द्यायचं, ग्रीस भरायचं निप्पल फडक्यानं पुसायचं, ग्रीसची गन खुंटीला लावायची. तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. अजून तसंच चालू आहे.

लोभ आहे तसा ठेव, आणि बेअरिंग तेवढं लवकर कळव.
तुझा,
बारक्या


दि. १३ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

धपाटा अशासाठी, की 'एक बेअरिंग निवड' म्हणणारा माणूस माझ्याच घरात निघावा. अरे, शाफ्ट किती जाड, ढोलाचं वजन किती, वाफेचा दाब किती, काही लिहायचंस की नाही? टोपी आणताना तरी डोक्याचं माप सांगतात. असो. परतीच्या टपालानं कळव.

पुडकं आमच्या भांडारात उघडलं. न पुसता पाठवलंस हे फार बरं केलंस. धुण्यावर जगणाऱ्या घराकडून एवढी अपेक्षा नव्हती. मला वाटलं होतं, ग्रीसवाचून वाळून गेलं असेल. तर उलटंच. आत ग्रीस ठासून भरलेलं, जळून काळं झालेलं, सील बाहेर ढकललेलं. बेअरिंगला ग्रीस थोडंच लागतं. जास्त झालं की रोलर त्यातच घुसळत राहतात, ताप वाढतो आणि सगळं जळतं. हे उपाशी राहून मेलेलं नाही, खाऊन खाऊन मेलंय.

तेव्हा भट्टीवाल्यावर ओरडू नकोस, त्याचा यात काही संबंध नाही. गन एकाच माणसाच्या हातात असते, आणि तो माणूस गनच्या दोन दाबांच्या वर कधी जात नाही हे मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून बघते आहे. मला भीती वाटते रे. एक दिवस त्यांच्या मागे उभा राहा. त्यांना कळू देऊ नकोस.

बाबांचा फोड कसा आहे? त्यांना माझा नमस्कार सांग.
तुझ्या काळजीत असलेली,
ताई


दि. २२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शाफ्टची मापं या कागदाच्या मागे लिहिली आहेत. ती आधी वाच, मग हे.

घडी केलेल्या चादरींच्या आड उभा राहिलो. बाबा आले, निप्पल पुसलं, गन लावली, दोनदा दाबली, पुन्हा पुसलं. अगदी तुला शिकवलं होतं तसं. हात धुतले, बाकावर बसून चहा घेतला. चहा संपला तसे उठले, आणि गन घेऊन पुन्हा गेले. तेच पुसणं, तेच दोन दाब, तीच काळजी. मग पुन्हा. दर वेळी पहिलीच वेळ असल्यासारखं. मी पुढे होऊन विचारलं, ग्रीस झालं का? तर म्हणाले, "तेच द्यायला निघालोय, तू मध्ये मध्ये करू नकोस."

मी भट्टीच्या खोलीत जाऊन रडलो. भट्टीवाला तिथेच होता. त्याला सगळं माहीत होतं, ताई. सांडलेलं ग्रीस तोच रोज गुपचूप पुसत होता. मी त्याच्या हातापाया पडायला गेलो तर म्हणाला, मोठ्या मालकांनी मला हे काम शिकवलं, त्यांची चुगली कुठल्या तोंडानं करू?

काल मी गन लपवली. बाबा दिवसभर ढोलाजवळ परक्या घरी आल्यासारखे अंग चोरून बसले. संध्याकाळी त्यांनी हिला हळूच विचारलं, मला कामावरून काढलं का गं? हिनं ती गन शोधून पुन्हा खुंटीला लावली आणि माझ्याशी बोलायचं टाकलंय.

दुकानदार म्हणतो, ग्रीस लागतच नाही अशी बंद बेअरिंग्ज मिळतात. ती घेतली तर ढोल वाचेल. पण मग बाबांनी काय करायचं? तू सांगशील ते करतो.
तुझा,
बारक्या


दि. ३ मार्च

चि. बारक्यास आशीर्वाद.

बंद बेअरिंग घ्यायचं नाही. वाफेच्या तापात ते फार टिकत नाही, हे कारण दुकानदाराला सांग. खरं कारण तुला कळतंच.

मी पाठवते ते रोलर बेअरिंग आहे. आत फट जरा जास्त ठेवलेली, म्हणजे शाफ्ट तापून फुगला तरी आवळणार नाही. एका टोकाचं घट्ट बसव, दुसऱ्याला सरकायला जागा ठेव, कारण ढोल गरम झाला की लांबतो. बेअरिंग ज्यात बसतं ते घर मात्र मी मुद्दाम हुडकून काढलंय. त्याला खालून मोठं भोक आहे. आत जास्त झालेलं ग्रीस तिथून आपोआप बाहेर पडतं. खाली एक डबा ठेव. देऊ देत त्यांना, हवं तितक्या वेळा देऊ देत.

जॉइंट कार्बनच्या कडीचा आहे. कडी स्प्रिंगनं दाबून धरलेली असते, आवळायला नटच नाही. नळाचा भार त्याच्यावर टाकू नकोस, मध्ये लवचीक नळी जोड. आणि भोवती जाळी लाव, त्यांचा हात पुन्हा भाजायला नको.

गिरणीच्या खरेदीसाठी मी आजवर गाडाभर माल निवडला, पण एका बेअरिंगची मापं इतक्यांदा ताडून बघितली नव्हती. गिरणी जूनमध्ये दुरुस्तीसाठी बंद होते, त्याआधी रजा नाही. तोवर सांभाळ. भट्टीवाल्याला माझा नमस्कार, आणि वहिनीला सांग, बोलणं टाकलंस ते योग्यच केलंस.
ताई


दि. २ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ढोल थंड डोक्यानं चालतोय. मेट्रनची तक्रार नाही. बाबा दिवसभर ग्रीस देत होते, मी डबा रिकामा करत होतो, आणि ते खूश होते. दोन महिने तू त्यांना दिलेस, ताई. हे मी कधी विसरणार नाही.

पण आता बरेच दिवस ते गनकडे जात नाहीत. बाकावर बसून ढोल बघतात. मी गन हातात दिली तर परत देतात, म्हणतात, ज्याचं काम त्यानं करावं. तुझी पत्रं मी वाचून दाखवतो, तीही ऐकून घेतात.

काल त्यांनी विचारलं, हे बेअरिंग कुणी निवडलं? मी म्हटलं, कागदाच्या गिरणीत एक बाई आहेत. तुझं नाव घ्यायची हिंमत झाली नाही, ओळखलं नसतं तर मला सोसलं नसतं. त्यांनी कागद मागितला, स्वतः लिहिलं आणि पाकीट चिकटवून माझ्या हातात दिलं. मी उघडलेलं नाही. सोबत जोडतोय.

तू ये. गिरणी बंद होवो न होवो, ये.
बारक्या


दि. १ जून

मा. बाईसाहेब,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही, तरी लिहिण्याचं धाडस करतो. आपण निवडून दिलेलं बेअरिंग उत्तम चाललं आहे. हात ठेवला तरी चटका बसत नाही. मन लावून काम करणारं माणूस त्याच्या मालावरून कळतं.

इथे माझी व्यवस्था चांगली आहे. एक मुलगा माझं सगळं बघतो. कुणाचा आहे ते विचारायचं राहून गेलं, पण फार मायाळू आहे.

एक विनंती होती. माझी थोरली मुलगीही कुठल्याशा कागदाच्या गिरणीत हेच काम करते. हुशार आहे. जरा फटकळ आहे, पण मनात काही ठेवत नाही. बरेच दिवस तिचं पत्र नाही. माझं काही चुकलं असेल तर मला आठवत नाही. आपल्याला कुठे भेटली तर तिला एवढंच सांगावं, की बाप रागावलेला नाही, वाट बघतो आहे.

आपल्याला उगाच तसदी दिली. परक्या माणसावर लोभ असू द्यावा.
आपला,
इस्त्रीवाला