गंगाराम तांडेलाची फ्लॉपी

१८ ऑक्टो. ८९, मालवण
पत्र आलं. किनाऱ्यावरून ओढायच्या रापण-जाळ्यांच्या हद्दीची सुनावणी ९ नोव्हेंबरला, वेंगुर्ल्यात. समितीला जबान्या लेखी हव्यात. आमच्या रापणकरांच्या सात जबान्या दोन फ्लॉप्यांवर. उन्हाळ्यात मालिनीबाईंच्या टायपिंग क्लासातल्या कॉम्प्युटरवर घातलेल्या. छापायचं मीच लांबवलं. मूळ वही पावसाळ्यात वाळवीने खाल्ली.
आज ट्रंक उघडली. दोन्ही फ्लॉप्यांवर पांढरी बुरशी.

१९ ऑक्टो.
फ्लॉप्या सुपात घालून उन्हात ठेवल्या, शेजारी गोलमा, बारकी कोळंबी, सुकत होता. दुपारी बघतो तर एक वाकलेली. तशाच मालिनीबाईंकडे नेल्या. त्यांनी नाकाशी धरली.
"मास्तरानू, फ्लॉपी काय बांगडो आसा, सुकत घालूक?"
क्लासातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. भर मैदानात ट्रॉलरवाल्यांचा थरकाप उडवणारा मी. खाली मान.
चांगल्या फ्लॉपीवरच्या सहा जबान्या निघाल्या. वाकलेलीवर एकच, गंगाराम तांडेलाची. म्हातारा श्रावणात गेला. समुद्रातून दिसणाऱ्या चार खुणा सांगणारा तोच एक. ट्रॉलर कुठल्या रेषेच्या आत यायचे नाहीत, हे त्या खुणांवरून ठरणार.

२१ ऑक्टो.
मा.बाईंनी पाकीट कापलं, आतली काळी चकती साबणाच्या पाण्याने धुतली, पुसली, नव्या पाकिटात सरकवली. तान्हं बाळ न्हाऊ घालावं इतक्या हलक्या हाताने.
कॉपीचा हुकूम दिला. घरघर. मग पडद्यावर तोच प्रश्न: सोडू, पुन्हा करू, की दुर्लक्ष? पुन्हा. पुन्हा. शेवटी सोडावं लागलं. एका ठिकाणी अडलं की आधी वाचलेलंही टाकून देतो. कचेरीतला कारकून बरा.
मा.बाई: "कुडाळच्या सभेत ह्याच डब्याक तुम्ही रावण म्हणाला होतात. आयकलेला दिसता ह्येना."
म्हटलं, हा डबा टायपिस्टांच्या नोकऱ्या खाईल, त्यांच्या पोटाची काळजी मला अजून आहे.
"माझ्या पोटाची मी बघतंय. तुम्ही तांडेलाची बघा."

२८ ऑक्टो.
त्यांचा भाऊ कोल्हापूरला. त्याने एक फ्लॉपी एस.टी. ड्रायव्हरच्या हाती फोंडाघाटाने खाली पाठवली. कॉपी करण्याचाच प्रोग्रॅम, पण मशीनबरोबर आलेला नव्हे. कुणा तिऱ्हाइताने लिहिलेला. सुरुवातीलाच पडद्यावर लिहिलंय: आवडला तर दुसऱ्यांना द्या. आयुष्यभर समतेची पुस्तकं वाचली, पण पहिल्याच ओळीत इतका मोकळा हात क्वचित पाहिला.
सोमवारी लावून बघणार.

३० ऑक्टो.
लावला. सगळी हकिकत लिहून ठेवतो.
पडद्यावर चौकोन मांडलेले, फ्लॉपीच्या एकेका तुकड्याचा एक. वाचला की चौकोन भरतो. अडला की थांबत नाही, वाद घालत नाही. पुढचे वाचून मागे येतो, दहादा प्रयत्न करतो. मा.बाई आणि मी शाळकरी पोरांसारखे चौकोन मोजत बसलो. त्यांचा चहा निवला.
शेवटी यादी: एवढं वाचलं, एवढं वाचता आलं नाही. कुठे हरला ते स्वतःहून सांगतो! तीस वर्षं व्यासपीठावर आहे, असं एकदाही केलेलं नाही.
शिवाय साध्या हुकुमाने एका फ्लॉपीची दुसरी करायची तर सतरा वेळा काढ-घाल (त्यांचा दुसरा ड्राइव्ह बिघडलेला). हा सगळं एकदम पोटात घेतो, मग कोऱ्या फ्लॉप्या देत जा. चार प्रती केल्या, बोलता बोलता. मा.बाई म्हणाल्या, "तो गरी टाकी होतो, ह्यो रापण ओढता."
मान्य. शब्दशः मान्य.

२ नोव्हें.
छापून घेतली. तांडेलाचा आवाज जसाच्या तसा. देवळाच्या शिखराची खूण आहे, माडांची आहे, तिसरीही. चौथीच्या जागी दीड ओळ नुसत्या फुल्या. नेमकी तीच सगळ्यात बाहेरची.

४ नोव्हें.
तांडेलाच्या सुनेकडे गेलो, रुक्मिणीकडे. मासळी विकून नुकतीच आलेली, पाय धूत होती. जबानी वाचून दाखवली. ऐकताना हसली, मग डोळे पुसले.
"मामंजीच बोलतत गो बाये!" शेजारणीला म्हणाली.
चौथी खूण विचारली.
"आयकलेली आसा. पण ते रोज येगळा सांगीत, वाऱ्यावर बघून. त्येंच्या तोंडात माझे शब्द मी घालूचंय नाय."
"समितीने मोकळी जागा बघून सगळी जबानीच फेकली तर?"
"तां तुम्ही बघा. बोलूक तुम्हीच ना जातास?"

७ नोव्हें.
चौथी खूण मला आठवते, असं वाटतं. मे महिन्यात त्याच्या खळ्यात बसून मीच ती वहीत उतरून घेतली होती. कातळ, त्यावरून दिसणारी डोंगराची खिंड... की ती दुसऱ्या कुणाच्या जबानीतली? फुल्यांच्या वर पेन्सिलीने दीड ओळ लिहिली. सुरेख उतरली. तांडेलापेक्षा बरी.
म्हणूनच खोडली.
मा.बाईंना सांगितलं. म्हणाल्या, "प्रोग्रॅमाक इतकी अक्कल आसा, तुमका नसतली?"

९ नोव्हें., एस.टी. स्टँड
वेंगुर्ल्याची गाडी लागली नाही अजून. पिशवीत सहा जबान्या आणि तांडेलाची, फुल्यांसकट. एक फ्लॉपी रुक्मिणीकडे, एक मा.बाईंच्या कपाटात, तांदळाच्या डब्यात ठेवून, ओल लागू नये म्हणून. ट्रॉलरवाल्यांचा वकील रत्नागिरीचा, मोकळ्या जागेवरच बोट ठेवील. वाचताना मी तिथे पोचेन, सगळे रापणकर मागे बसलेले असतील, माझ्याकडे बघत.
पेन्सिल घरी ठेवून आलोय. जीभ ठेवता येत नाही.