पाणीपाळीबाहेरची वीस मिनिटे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा शिवणकाम, आज सकाळी चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवून मगच लिहायला बसले आहे. तेव्हा माझे डोके ठिकाणावर होते की नाही, याची चर्चा माझ्यामागे कुणी करू नये. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने लिहीत आहे. सांगणारे पुष्कळ होते. ऐकले कुणाचेच नाही.

१. राहते घर आणि मागची बाग मुलाला. शिलाई मशीन आणि कात्र्या मुलीला. कापडाच्या कात्रीने तिने कागद कापू नये. बँकेत जे असेल ते दोघांत सारखे. माझे सागवानी कपाट सुनेला. बारा वर्षे तिने माझी औषधे वेळेवर दिली आणि चारचौघांत एकदाही बोलून दाखवले नाही.

२. बागेबरोबर पाटाच्या पाण्याचा वाटा मुलाकडे जातो. वाटा म्हणजे मालकी नव्हे. आमच्या वस्तीचे पाणी वस्तीच वाटून घेते. पाणीपाळी आली की प्रत्येक घर पाटावरचे आपले दार उघडते आणि वेळ संपली की आपणच बंद करते. पहारेकरी नाही, कुलूप नाही. हे असे का राहिले, ते नातवंडांसाठी लिहून ठेवते.

दुष्काळाच्या वर्षी मी पाणी समितीची निवडून आलेली अध्यक्ष होते. पाणी कमी, चोऱ्या फार. सरकारी अधिकारी म्हणाले, "तुमच्याच्यानं हे होत नाही. दारांना आम्ही कुलपं लावतो, किल्ल्या आमच्याकडे राहतील." तसा ठराव सभेपुढे यायचा होता. त्याच्या चार दिवस आधी, सगळी वस्ती प्रार्थनेला गेलेली असताना, माझी पाळी नसताना मी माझे दार वीस मिनिटे उघडे ठेवले. रोपांनी माना टाकल्या होत्या, मला बघवले नाही. मग हात पुसून प्रार्थनेला जाऊन बसले. ओठ हलत होते, पण शब्द फुटेना.

सभेत अधिकाऱ्यांनी विचारले, "पाणी चोरतं कोण, हे तरी सांगता येईल का तुम्हाला?"

मी उभी राहिले. "एकीचं नाव सांगते. माझं."

माझे धाकटे दीर शाळेत गणित शिकवत. प्रार्थनाघराची पायरी त्यांनी जन्मात चढली नाही. ते उठले. "मीही. दोनदा." मग गवंडी उठला, आधी दुसऱ्यांवर ओरडला आणि ओरडता ओरडताच कबूल झाला. असे अकरा जण निघाले. चोर आपणच उभे राहतात तर कुलूप कशाला, असे लोक म्हणू लागले आणि कुलपांचा ठराव चार मतांनी पडला.

मी राजीनामा दिला. नियमाप्रमाणे दंड म्हणून माझ्या दोन पाळ्या गेल्या आणि बाग वाळून गेली. मुलगा तेव्हा विशीतला. तो म्हणाला, "अगं आई, कुणी बघितलंसुद्धा नव्हतं!"

"म्हणूनच सांगावं लागलं," मी म्हणाले. महिनाभर तो माझ्याशी धड बोलला नाही. आता समितीचे दप्तर तोच लिहितो, म्हणून ही गोष्ट उगाळत नाही.

३. भाऊजींचा आणि माझा वाद मिटलेला नाही. ते म्हणतात, "वहिनी, देव नसता तरी तुम्ही उभ्या राहिला असता." मला एवढी खात्री नाही. कायदा काही प्रत्येक दाराशी उभा राहू शकत नाही. तो नसतो तिथे माणसाच्या आतून कुणीतरी हात धरावा लागतो. माझा हात धरणारा मला प्रार्थनेत भेटला. भाऊजींना तो कुठे भेटला, ते त्यांनाच ठाऊक. पण ज्या वस्तीत तो कुणालाच भेटणार नाही, तिथे कुलपे येणारच, आणि किल्ल्या परक्याच्या कमरेला असतील.

४. धर्मगुरूंवरचा माझा राग. पुढे एका निवडणुकीत त्यांनी प्रवचनातच मत कुणाला द्यायचे ते सांगून टाकले. मी भर प्रवचनातून उठून आले. धर्माने आमची मने धुवावीत. मतपत्रिकेवर शिक्का आमचा आम्ही मारू. सहा वर्षे अबोला होता. गेल्या साली ते उसवलेला कोट घेऊन दारात आले. म्हणाले, "बाई, माझं चुकलं. आणि हा कोटही शिवायचाय." कोट त्याच दिवशी शिवला. राग सोडायचा राहून गेला होता, तो आज सोडते.

५. समितीची खुर्ची माझी नव्हती, सबब ती कुणाला देता येत नाही. मुलाला हवी असल्यास त्याने निवडणूक लढवावी. माझे नाव मते मागायला वापरू नये.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यांच्यादेखत सही केली.

स्थळ: माझी शिवणाची खोली. दिनांक चौदा मार्च, सकाळ.

सही: शिवणवाल्या बाई

साक्षीदार पहिले: धर्मगुरू. देवाला स्मरून सही केली.

साक्षीदार दुसरे: माझे धाकटे दीर, निवृत्त शिक्षक. त्यांनी पेन हातात धरून ठेवले. मी म्हटले, "भाऊजी, तुम्ही कुणाला स्मरून करणार?" "तुम्हाला, वहिनी," म्हणाले, आणि सही केली.