शहराला वास उरला नाही

सोमवार, ३ मार्च
सकाळी सगळ्यांची विचारपूस केली. हिचा गुडघा: कुरकुरतोय, पण हिच्याइतका नाही. वहिनीचं ब्लडप्रेशर: गोळीच्या धाकात. पुतणीची सर्दी: गेली. ती मला देऊन गेली होती, पण माझी तब्येत कुणी विचारली नाही. म्हणजे मी ठणठणीत दिसतो.
आजपासून दादाच्या खुर्चीत बसणार. आमच्या अत्तरांत शेवटचा शब्द त्या खुर्चीतल्या नाकाचा. आजोबांपासून तसंच. दादाला जाऊन वर्ष झालं. माझा जन्म काउंटरवर गेला म्हणून काय झालं? रक्त एकच.
मोठ्या हॉटेलला ‘आपल्या शहराचा सुगंध’ हवाय. जमला तर दुकानामागची अत्तरं बनवायची खोली चालू राहील. नाही जमला तर खोलीला कुलूप आणि तिथे अत्तरं बनवणारी पुतणी बाहेरच्या कंपनीत. जमणारच.

बुधवार, ५ मार्च
शहर हुंगायला निघालो. बेकरीसमोर बराच वेळ उभा होतो. काही नाही. हल्ली पावात जीव राहिला नाही. मासळीबाजारात तर कमालीची स्वच्छता! नगरपालिकेचं कौतुक करायला हवं. पुढे गटाराचं झाकण उघडं होतं, लोक नाकाला रुमाल लावून पळत होते. लोक फार नाजूक झालेत.
निष्कर्ष: शहराला वासच उरला नाही. काम अवघड आहे. मला अवघडच आवडतं.

शुक्रवार, ७ मार्च. दुपार
अंगावर काटा आहे अजून.
खोलीत एकटाच होतो. खिडक्या बंद. आणि दादा आला. म्हणजे वास आला. ओला लोकरी मफलर, लवंग, खोकल्याच्या औषधाचा गोडसरपणा. तो मफलर त्याच्याबरोबरच गेला. मीच गळ्याभोवती नीट केला होता.
दादा, अशी हाक मारली. खुर्ची करकरली. बसलो मीच होतो, पण करकरली ती त्याच्यासारखी.
उघड आहे. शिकवायला आलाय.

सोमवार, १० मार्च
रोज येतो. मी बाटली उचलली की वास दाटतो. म्हणजे, ही घाल. प्रत्येक बाटलीला दाटतो. सगळ्या घातल्या.
पुतणी आत आली आणि डोळे पुसत म्हणाली, काका, हे काय शिजवलंत? म्हटलं, शहर असंच असतं गं. ती खिडकी उघडायला धावली. मी अडवलं. दादाला वारा सोसत नसे.

गुरुवार, १३ मार्च
दूध करपलं. मी शेजारीच पेपर वाचत होतो. ही म्हणाली, अहो, घर पेटलं तरी तुम्ही पुढचं पान उलटाल! मग जरा वेगळ्या आवाजात विचारलं, खरंच नाही आला वास? म्हटलं, कामात असलो की किरकोळ वास मी घेत नाही.

शनिवार, १५ मार्च
ट्रायल. हॉटेलच्या बाई आल्या. आमची जुनी रीत अशी, की अत्तराच्या कागदी पट्ट्या ओळीने मांडायच्या आणि त्यात एक कोरी ठेवायची. नाक शाबूत आहे का ते कळावं म्हणून. मी एक पट्टी उचलली आणि डोळे भरून आले. म्हटलं, हेच आपलं शहर! दादा त्यातून जवळजवळ बोलला.
बाईंनी हात पुढे केला. पुतणी घाईघाईने म्हणाली, काकांचं ते अजून गुपित आहे, तुम्ही ही शेजारची बघा. शेजारची तिची होती. बाई खूश.
बाई गेल्यावर म्हणाली, काका, तुमची कोरी होती हो.
मांडताना घोळ झाला असणार. पोर दमली आहे.

सोमवार, १७ मार्च
हिने डॉक्टरकडे ओढत नेलं. ते म्हणाले, सर्दीत नाक गेलंय. कधी कधी मेंदू जुनाच वास पुन्हा पुन्हा आणून देतो. नाकात घालायच्या या थेंबांनी भास कदाचित थांबेल, नाक परत येईल याची खात्री नाही. म्हटलं, तुम्ही माझ्या दादाला ओळखत नव्हता.
थेंब कपाटात. उद्यापासून नियमित.

गुरुवार, २० मार्च
थेंब उद्यापासून.
हॉटेलची अट: अत्तराचा प्रत्येक नवा घाणा एकाच नाकाने तपासायचा. पुतणी म्हणाली, काका, आता खुर्ची मला द्या, नाहीतर सोमवारी त्या कंपनीला होकार कळवते. भलताच हट्ट!
दुपारी दादा इतका दाटला की श्वास कोंडला. म्हटलं, अरे, हट्ट तुझ्या लेकीचा, गळा माझा का धरतोस?
बराच वेळ वाट पाहिली. पकड सैल होईना.

शनिवार, २२ मार्च
खुर्चीतून उठलो. म्हटलं, बस. ती बसली आणि रडायला लागली. म्हटलं, तात्पुरतं हं.
थेंब घातले.

रविवार, ३० मार्च
हॉटेलात शहर दरवळतंय म्हणे. हिच्याबरोबर जाऊन आलो. गरम पाव, भिजलेलं लोखंड, इस्त्रीचे कपडे, सगळं आहे म्हणाली. मी लॉबीत उभा राहून मान डोलावली होती. चांगली डोलावली.
दुपारी मागच्या खोलीच्या दाराशी थांबलो. पुतणी म्हणाली, काका, बाहेर का? आत या ना. गेलो. छाती भरून श्वास घेतला. काही नाही. कालही नव्हतं.
दादा, पोरगी खुर्चीत शोभते. विचारात असली की तुझ्यासारखाच पाय हलवते. रागावून गेला नाहीस ना? रागावला असलास तर तसं कळव. वास पाठवू नकोस, तो आता पोचत नाही. दोन ओळीच लिही. पण लवकर लिही.