धीरजची धामण

शेलूबाजार,
२६ मे २०२४

चि. सौ. उज्ज्वलास,
आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तू फोनवर बोलतेस, पण माझ्या कानांना आता नुसती गुणगुण ऐकू येते, म्हणून लिहिते.

वांग्याच्या मळ्यातल्या जाळीत अडकलेली धामण धीरजने सोडवून आणली होती, ती आठवते ना? जखम भरली की सोडू म्हणाला, आणि त्याच आठवड्यात गाडीच्या अपघातात आपणच गेला. तेव्हापासून मीच तिला जुन्या टाकीत ठेवून उंदीर घालते. आधी अंग कापायचं, आता तिच्यापाशी बसून बोलते. जाडजूड म्हणून तुझ्या या भावानेच तिचं नाव पैलवान ठेवलं होतं. तर काल पैलवानाने अंडी घातली.

तुझे बाबा रोज म्हणायचे, कायले सांभाळतं, सोडून दे तिले. काल मात्र म्हणाले, पैलवानाचं बाळंतपण करणारी सगळ्या जिल्ह्यात तूच एक. धीरज गेल्यापासून ते पहिल्यांदा हसले.

अंडी मऊ आहेत, एकमेकांना चिकटलेली. ही पिल्लं मला जगवायचीच आहेत. धीरजच्या हातचं एवढंच राहिलं आहे. तुझ्याकडे अंडी उबवायचं यंत्र आहे, तुला कळतं. काय करू ते लिही.

तुझी वाट पाहणारी,
आई

कामरगाव,
३० मे २०२४

ती. आईस,
उज्ज्वलाचा वाकून नमस्कार. पत्र वाचून हसू आलं आणि मग खूप रडू आलं. मी धावत आले असते, पण सासूबाईंचं हाड मोडल्यापासून त्या अंथरुणावरच आहेत. त्यांनी मात्र लगेच मागणी केली, माहेरून आंदण म्हणून एखादं पिल्लू घेऊन ये.

मडक्यात ओलसर वाळू घाल, त्यात अंडी ठेव, वरून गोणपाट झाक. आणि अंडी सकाळ-संध्याकाळ फिरवत जा. आमच्या यंत्रात कोंबडीची अंडी फिरवली नाहीत तर पिल्लू कवचाला चिकटून मरतं. चिकटलेली अंडी ओल्या फडक्याने हळूच सोडव.

धीरजचा मित्र किशन साप पकडतो, त्याला विचारणार होते. पण त्याचा आवाज ऐकला की मागोमाग धीरज हाक मारेल असं वाटतं. फोन काढला आणि ठेवून दिला.

बाबांना सांभाळ, स्वतः दोन घास खा.
तुझीच,
उज्ज्वला

शेलूबाजार,
२८ जुलै २०२४

चि. सौ. उज्ज्वलास,
आईचे आशीर्वाद. लिहायला मन होत नाही.

पैलवानाची जखम भरली, तेव्हा तुझ्या बाबांनी तिला नाल्याकडे सोडलं. अंड्यांचं मी तू सांगितलंस तसंच केलं. एकेक सोडवलं, दोन वेळा फिरवलं, फिरवताना धीरजचं नाव घेतलं. एक तेवढं वाळूत खाली सरकून मडक्याच्या तळाला असं चिकटलं होतं, की ओढलं तर फाटलं असतं. ते वाया गेलं असं धरून तसंच राहू दिलं.

बाकीच्या अंड्यांना खड्डे पडले, वास सुटला. तुझ्या बाबांनी एक फोडून पाहिलं. आत पुरतं घडलेलं पिल्लू होतं, मेलेलं. सगळ्यांत तसंच. जगलं ते तळाचं एकटं.

मध्ये मला ताप भरला होता, तेव्हा फिरवायचं राहून गेलं. त्यानेच मेली. तुझे बाबा समजावतात, पण घास गिळवत नाही. लेकाचं एवढं एक काम माझ्याकडून पार पडलं नाही.

तुझी अभागी,
आई

कामरगाव,
४ ऑगस्ट २०२४

ती. आईस,
नमस्कार लिहायलाही संकोच वाटतो.

तळाचं एकटंच कसं जगलं, हे मनातून जाईना. शेवटी किशनला फोन केला. तो म्हणाला, सापाचं अंडं घातल्या जागी तसंच ठेवावं लागते, ताई, कोंबडीसारखं फिरवलं तर पिल्लू आतच गुदमरते.

आई, तुझ्या तापाने काही झालं नाही. जितके दिवस तू आजारी होतीस, तितके दिवस ती सुखात होती. त्यांना मारलं ते माझ्या सांगण्याने. एक फोन करायचा होता, तो मी माझं दुःख कुरवाळत केला नाही. तू तसं काही विचारलं नव्हतंस, मी गप्प बसू शकले असते. पण तू उपाशी राहतेस हे मला बघवत नाही.

राखीला मी येत नाही. आता कोणासाठी येऊ, आणि तुला तोंड तरी कसं दाखवू?

जमलं तर माया ठेव.
उज्ज्वला

शेलूबाजार,
९ ऑगस्ट २०२४

चि. सौ. उज्ज्वलास,
आईचे आशीर्वाद, नेहमीसारखेच.

खोटं कशाला लिहू, पत्र वाचून दिवसभर तुझा राग आला. एकेका अंड्यावरून हात फिरवत होते ते आठवलं आणि स्वतःच्या हातांचाही राग आला. तुझे बाबा म्हणाले, पोरीनं लिहिलं नसतं तं तुले कधी समजलं असतं? तू जन्मभर तापालेच बोल लावला असता. ते खरं आहे. रात्री मी जेवले.

पिल्लू काल बांधावर सोडलं. क्षणभर थांबलं आणि गवतात गेलं.

उज्ज्वला, मला दोनच लेकरं होती. एकाला आणायला मी कुठेही जाऊ शकत नाही. दुसरं तासाभराच्या वाटेवर आहे आणि लाजेने येत नाही म्हणतं. हे मी कसं सोसू?

सासूबाईंची सोय लावून ये. राखी आणू नकोस. नुसती ये.

तुझी,
आई